तीन वर्षं चार महिने थांबून मिळालेला चाकू

दुपारी मुलीला शाळेतून आणायला निघताना मी खिशातला चाकू काढून दाराजवळच्या लाकडी ताटलीत ठेवतो आणि मगच गाडीची किल्ली उचलतो. आम्ही राहतो त्या अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात शाळेच्या आवारात २ इंच किंवा त्याहून लांब पात्याचा चाकू नेणं हा गुन्हा आहे आणि माझ्या चाकूचं पातं सव्वातीन इंचाचं आहे. तोच चाकू सकाळी दुकानात, बागेत, रस्त्यावर खिशात असला तरी कोणी काही म्हणत नाही, कारण इथला कायदा २०१७ साली बदलला आणि आधी जी ५ इंचांची मर्यादा होती ती १२ इंच झाली. म्हणजे वस्तू एकच, पण कुठे पाय ठेवतोय त्यावर सगळं अवलंबून. हे सगळ्यात आधी सांगतोय कारण माझ्याकडे साडेआठशे डॉलरचा घडीचा चाकू आहे असं कळलं की आपली माणसं दोनच प्रश्न विचारतात, एक म्हणजे एवढे पैसे कशाला घातलेस आणि दुसरा म्हणजे पोलीस पकडत नाहीत का. दुसऱ्याचं उत्तर वर दिलं. पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे, म्हणून लिहायला बसलोय.

सुरुवात आजोबांच्या अडकित्त्यापासून करावी लागेल. कराडच्या घरी त्यांच्या पानाच्या डब्यात एक पितळी अडकित्ता होता, पातं तेवढं पोलादी, आणि मला लहानपणी तो हातात घ्यायची परवानगी फक्त त्यांच्या मांडीवर बसलो असेन तरच. ते सुपारी कातरायच्या आधी अडकित्ता एकदा रिकामाच उघडमिट करून बघायचे. मी विचारलं तर म्हणाले, सांधा बघतो, सांधा ढिला झाला की सुपारी कापली जात नाही, चुरते. तेव्हा ते कानावरून गेलं. पंचवीसेक वर्षांनी अटलांटात ते वाक्य परत आठवलं, आणि आता मला वाटतं की घडीच्या चाकूबद्दल जे काही समजून घ्यायचं असतं ते त्या एका वाक्यात आहे. पातं कुठल्या स्टीलचं, मूठ कशाची, रंग कुठला ही चर्चा आपण नंतर तासन्‌तास करतो, पण घडीचा चाकू म्हणजे मुळात एक सांधा आहे आणि तो सांधा नीट जमवणं हेच सगळ्यात अवघड काम आहे.

२०१६ साली ऑफिसमधल्या एका सीनियरनं जेवताना सफरचंद कापायला खिशातून चाकू काढला, राखाडी रंगाचा, बघायला अगदी साधा. मी हातात मागितला. अंगठ्यानं पातं सरकवलं तर ते लोण्यातून सरकल्यासारखं गेलं आणि शेवटी दार बंद होताना येतो तसा घट्ट आवाज आला. तो क्रिस रीव्ह यांचा सेबेन्झा होता. रीव्ह मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, १९८९ मधे अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉयसीला आले, आणि सेबेन्झा हा झुलू भाषेतला शब्द, अर्थ काम. या चाकूत लॉकसाठी वेगळा भागच नाही, टायटॅनियमच्या मुठीचीच एक बाजू चिरून तिची स्प्रिंग केलेली, पातं उघडलं की ती पट्टी आत येऊन पात्याच्या बुडामागे उभी राहते. आज याला सगळे फ्रेम लॉक म्हणतात आणि जगभर शेकडो मॉडेल्समधे ते वापरतात.

दोन महिने विचार करून मी सेबेन्झा घेतला. बायकोला किंमत आधी सांगितली होती, नंतर कळण्यापेक्षा ते बरं. डब्यात चाकूबरोबर षटकोनी पाना होता, म्हणजे तो खोलून साफ करायचा अशीच अपेक्षा. मी पहिल्याच रविवारी डायनिंग टेबलवर पांढरा टॉवेल पसरून खोलला. सांध्यात एक बारीक नळी असते, बुशिंग, आणि पात्याच्या दोन बाजूंना फॉस्फर ब्राँझचे वॉशर. ती नळी पात्याच्या आणि वॉशरच्या एकत्र जाडीपेक्षा केसभरच जास्त लांब ठेवलेली असते, त्यामुळे स्क्रू शेवटपर्यंत आवळला तरी पातं जाम होत नाही आणि हलतही नाही. साध्या चाकूत आपण स्क्रू थोडा सैल थोडा घट्ट करत बसतो, इथे ते जमवाजमव करणं कारखान्यातच संपलंय. मी ती नळी चिमटीत धरून कितीतरी वेळ बघत होतो. आजोबांचं वाक्य आठवलं ते तेव्हा.

पुढची दोन वर्षं मात्र मी वाहवलो, हे कबूल करायला हवं. २०१८ च्या शेवटी माझ्याकडे सतरा चाकू होते. कंपनीत यंत्रावर बनलेले, मग ज्याला मिडटेक म्हणतात ते, म्हणजे भाग यंत्रावर कापलेले पण जुळवणी आणि धार कारागिराच्या हातची, आणि दोन पूर्ण कस्टम, म्हणजे सगळंच कारागिराच्या हातचं, तेही सेकंडहँड. संध्याकाळी एकेक काढायचो, उघडमिट करायचो, पुसून परत ठेवायचो. यातल्या बऱ्याच चाकूंनी कागदसुद्धा कापला नव्हता. संग्राहकांमधे अशा चाकूला सेफ क्वीन म्हणतात, तिजोरीतली राणी. काहींना त्यात आनंद असतो आणि एखाद्या जुन्या कारागिराचं दुर्मिळ काम जपून ठेवणं मला पटतंही, पण माझे सतरा काही तसे नव्हते, ते नुसते साठले होते.

डोळे उघडले ते एका वाईट खरेदीमुळे. एका विक्रेत्याकडून वापरलेला कस्टम लायनर लॉक घेतला, फोटो सुंदर, नाव चांगलं, किंमत सहाशेच्या घरात. हातात आला तेव्हा पातं मधोमध, उघडताना मऊ, सगळं छान. मग मी उघडा चाकू जाड टॉवेलवर पाठीच्या बाजूनं हलकेच दाबला आणि लॉक सटकलं. पातं मिटत बोटांच्या दिशेनं आलं. बोटं मी आधीच बाजूला ठेवली होती म्हणून वाचलो. आधीच्या कोणीतरी लॉक चिकटतं म्हणून लॉकचं टोक घासून गुळगुळीत केलं होतं, त्यामुळे कोन बिघडला. विक्रेत्याला लिहिलं, त्यानं उत्तरच दिलं नाही. तो चाकू मी तसाच दुसऱ्याला विकू शकलो असतो, बऱ्याच जणांना कळलंही नसतं, पण पुढच्या माणसाची बोटं तिथे असणार होती. मी तो खोलून पातं वेगळं करून ठेवलं, अजून तसाच आहे.

हे लायनर लॉक प्रकरण जरा समजून घेण्यासारखं आहे. मुठीच्या आत धातूची पातळ पट्टी असते, तिचा एक भाग स्प्रिंगसारखा आत वाकवलेला, पातं पूर्ण उघडलं की तो उडी मारून पात्याच्या बुडामागे येतो. कल्पना जुनी, १९०६ च्या एका अमेरिकन पेटंटमधे तिचं आधीचं रूप आहे, पण तिथे पातं बंद राहायला पाठीत वेगळी स्प्रिंग लागायची. मायकल वॉकर या कारागिरानं १९८० च्या सुमारास तिला आजचं रूप दिलं. पाठीची स्प्रिंग काढून टाकली आणि लॉकच्या पट्टीतच एक बारीक गोळी बसवली, पातं बंद असताना ती गोळी पात्यातल्या छोट्या खळग्यात बसते आणि खिशात चाकू आपोआप उघडत नाही. याला डिटेंट म्हणतात. मोहरीएवढी गोळी, पण चाकू हातात कसा वाटतो हे निम्मं तिच्यावर ठरतं. खळगा चिमूटभर इकडेतिकडे झाला तर पातं एकतर सैल लटकतं नाहीतर अंगठा दुखेपर्यंत उघडत नाही. लॉकचं टोक आणि पात्याचं बूड जिथे भेटतात तिथला उतार साधारण ७ ते ९ अंशांचा ठेवतात, कमी झाला तर लॉक चिकटतं, जास्त झाला तर सटकतं. माझ्या त्या चाकूत हेच बिघडलं होतं.

मी ठरवलं, बहुतेक विकायचे आणि एकच करून घ्यायचा, ज्यानं केला त्या माणसाला भेटून.

जून २०१९ मधे अटलांटाच्या कॉब गॅलेरियाला ब्लेड शो होता, चाकूंचं जगातलं सगळ्यात मोठं प्रदर्शन, माझ्या घरापासून चाळीस मिनिटांवर, आणि मी इतकी वर्षं कधी गेलो नव्हतो. शुक्रवारी सुट्टी टाकली. आत शेकडो टेबलं, प्रत्येकावर मखमलीच्या कापडावर चारपाच चाकू आणि मागे ते बनवणारा माणूस स्वतः बसलेला, इटलीचे, ब्राझीलचे, जपानचे, दक्षिण आफ्रिकेचे. ज्यांचं नाव फार मोठं त्यांच्याकडे रांग लावून उपयोग नाही, तिथे चिठ्ठीवर नाव लिहून डब्यात टाकायचं आणि ठरलेल्या वेळेला चिठ्ठी काढतात, ज्याचं नाव निघेल त्याला चाकू विकत घ्यायचा हक्क. मी तीन डब्यांत चिठ्ठ्या टाकल्या, एकही लागली नाही.

एका टेबलवर पात्यांवर पाण्यासारख्या लाटा होत्या, दमास्कस. मी तिथे बराच रेंगाळलो, कारण या नावामागे आपल्याकडचं काहीतरी आहे. आज दमास्कस म्हणून जे मिळतं ते बहुतेक दोन वेगळ्या पोलादांचे थर एकमेकांवर ठोकून जोडलेलं असतं, नक्षी त्या थरांची. जुन्या दमास्कसच्या तलवारी मात्र वेगळ्या, त्यांचं पोलाद मुशीत वितळवून केलेलं, वुट्झ, आणि ते दक्षिण भारतातून जायचं, तेलंगणातल्या निजामाबादकडच्या कोनासमुद्रमला इराणी व्यापारी ते घ्यायला येऊन राहायचे. ही विद्या मधे बुडाली. फ्लोरिडात घोड्यांना नाल मारणारे आल पेंड्रे आणि धातुशास्त्रज्ञ जॉन वरहोव्हन या दोघांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून तशी नक्षी परत आणली आणि त्यामागे व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अगदी सूक्ष्म अंश असतो हे १९९८ साली मांडलं. टेबलामागच्या बाईंना मी कोनासमुद्रमचं नाव सांगितलं, त्यांनी कागदावर लिहून घेतलं आणि स्पेलिंग दोनदा विचारलं.

दुपारी शेवटच्या ओळीत एक साठीचे गृहस्थ दिसले, टेबलवर फक्त तीन चाकू, दोन्ही अंगठ्यांना चिरा आणि त्यावर सुपरग्लू लावलेला. गर्दी नव्हती. मी एक उचलला आणि उघडायच्या आधी म्हणालो, मला हे बघता येत नाही नीट, शिकवाल का. ते उठून टेबलाच्या माझ्या बाजूला आले. आधी सावकाश उघड म्हणाले, झटक्यानं उघडलं की सगळे दोष लपतात. मग उघड्या पात्याचं टोक चिमटीत धरून आडवं हलवायला लावलं, मग उभं. मग उजेडाकडे धरून मिटलेलं पातं दोन्ही बाजूंपासून सारखं लांब आहे का ते बघायचं. मग लॉक पात्याच्या बुडावर कुठे येऊन थांबतं ते, फार काठावर नको आणि पार पलीकडेही नको, घासत घासत ते दरवर्षी थोडं पुढे सरकणार म्हणून जागा शिल्लक हवी. शेवटी म्हणाले आता डोळे मिटून उघड आणि ऐक. मी ऐकलं. वाळूचा कणसुद्धा नव्हता त्या आवाजात.

मी तिथेच ऑर्डर दिली. त्यांनी एक वही काढली, शाळेची असते तशी, आणि लिहायला सुरुवात केली. पातं सव्वातीन इंच, लायनर लॉक, टायटॅनियमचे लायनर, ब्राँझचे वॉशर, बेअरिंग नको. बेअरिंगवर पातं भन्नाट वेगानं उघडतं पण खिशातला कचरा आत गेला की कुरकुरायला लागतं, आणि मला तो रोज खिशात ठेवायचा होता. स्टील सीपीएम १५४. याचा पूर्वज १५४ सीएम, जेट इंजिनच्या बेअरिंगसाठीचं स्टील, बॉब लव्हलेस यांनी १९७० च्या दशकात ते चाकूत आणलं, आणि सीपीएम म्हणजे त्याचीच पावडरपासून केलेली, जास्त बारीक कणांची आवृत्ती.

मुठीवर मात्र अडलो. त्यांच्याकडे सांबरशिंगाचे दोन तुकडे होते, जुन्या साठ्यातले, खडबडीत तपकिरी आणि आत हस्तिदंती. चाकूच्या मुठीसाठी जगात याला तोड नाही असं ते म्हणाले आणि हे शिंग भारतातून यायचं, आपल्याकडे त्याच्या निर्यातीवर बंदी आली तसं ते दुर्मिळ झालं. मी तुकडा हातात घेतला. कोयनेच्या जंगलात लहानपणी सांबराचा आवाज ऐकलाय मी, रात्री, बाबांबरोबर. ठेवून दिला. डेझर्ट आयर्नवुड घेतलं, ॲरिझोना आणि मेक्सिकोच्या वाळवंटातलं लाकूड, इतकं जड की पाण्यात बुडतं, आणि हवामान बदललं तरी फुगत नाही.

किंमत साडेआठशे. ऍडव्हान्स किती विचारलं तर म्हणाले, नाही घेत, पैसे घेतले की तो चाकू माझ्या मानगुटीवर बसतो आणि मग घाईत होतो. थांबायचं किती? दोन वर्षं. थोडे जास्त. ज्याला कस्टम करून घ्यायचाय त्याला मी हेच सांगेन, पूर्ण पैसे आधी मागणाऱ्याकडे जरा सावध राहा. चांगली माणसंही आजारपणात, कर्जात अडकतात आणि मग चाकूही नाही आणि पैसेही नाहीत असं बऱ्याच जणांचं झालेलं मी पाहिलंय.

मग कोविड आला, २०२० चा शो रद्द झाला, त्यांचं स्टील आणि सँडिंग बेल्ट वेळेवर येईनात. मी त्या काळात तेरा चाकू विकले. प्रत्येकाबरोबर लिहून दिलं, काय दोष, कितीदा धार लावली, कुठे ओरखडा. २०२१ मधे मॅग्नाकट नावाचं नवीन स्टील आलं, लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञानं चाकूसाठीच म्हणून तयार केलेलं, एकाच वेळी चिवट, गंजायला अवघड आणि धार टिकवणारं, आणि सगळीकडे त्याचाच गाजावाजा. माझा चाकू करणाऱ्या गृहस्थांची ईमेल आली, तुझं पातं अजून कापलं नाहीये, मॅग्नाकट हवं का. मी दोन दिवस विचार केला आणि नाही लिहिलं. स्टील निःसंशय चांगलं आहे, पण ते तीस वर्षं १५४ घराण्यातलं स्टील भट्टीत घालत होते, त्याचं कुठल्या तापमानाला काय होतं हे त्यांच्या हाताला माहीत होतं, आणि माझ्या मते नवीन स्टीलपेक्षा चांगली उष्णताप्रक्रिया जास्त मोलाची. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं, बरं वाटलं.

ऑक्टोबर २०२२, दिवाळीच्या आठवड्यात पार्सल आलं. तीन वर्षं चार महिने. दरम्यान सगळ्याच्या किमती वाढल्या होत्या म्हणून मी शंभर डॉलर जास्त पाठवले, त्यांनी चेक परत पाठवला.

उघडला तो दिवस अजून आठवतो. फराळाच्या डब्यांमधे जागा करून टेबलवर ठेवला. लाकडात काळ्या रेषा, मधे एक मधासारखा पट्टा. पात्यावर हातानं घासलेलं सॅटिन फिनिश, सगळ्या रेषा एकाच दिशेनं, भिंगातून बघितलं तरी एक तिरकी सापडली नाही. मिटताना लॉक बाजूला केलं की पातं स्वतःच्या वजनानं खाली येतं, पण भिरभिरत नाही, थबकत येतं. मी परत परत उघडत होतो. लायनरच्या आतल्या बाजूला, जी फक्त खोलल्यावरच दिसते, तिथेही पॉलिश केलेलं होतं, हे मला पुढच्या वर्षी साफ करताना कळलं, त्यांनी कधी बोलूनही दाखवलं नव्हतं.

तीन दिवस तो नुसता टेबलवर. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "अरे, आईंचं पार्सल आलंय, टेप काप ना. का त्याला पण कपाटात ठेवणारेस?" टेपचा गोंद पात्याला चिकटला, खोबरेल तेलाच्या बोटानं पुसला, आणि त्या दिवसापासून तो उजव्या खिशात आहे. किल्ल्या आणि सुट्टे पैसे डाव्या. पहिला ओरखडा डिसेंबरमधे पडला, पुठ्ठ्यातल्या स्टेपलच्या पिनेमुळे, टोकापासून अर्ध्या इंचावर. वाईट वाटलं, दिवसभर. मग दुसरा कुठे पडला ते आठवतसुद्धा नाही.

धार लावायला शिकणं हा वेगळा अभ्यास झाला. सेबेन्झाच्या वेळी मी साध्या दगडावर घासत बसायचो आणि काही होत नव्हतं, मग कळलं की त्यातल्या एस३५व्हीएन स्टीलमधे व्हॅनेडियम कार्बाइड असतात आणि ते नेहमीच्या ॲल्युमिनाच्या दगडापेक्षा कडक, म्हणजे दगडच झिजत होता. हिऱ्याची पूड लावलेल्या पट्ट्या घेतल्या. नव्यानं शिकणाऱ्यांसाठी एक युक्ती सांगतो, धारेच्या उतारावर मार्कर पेनानं रंग लावा आणि दोनदा हलकेच घासा, रंग जिथून गेला तिथेच दगड लागतोय, कोन बरोबर की चूक लगेच दिसतं. एका बाजूनं घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला अंगठा धारेवरून आडवा बाहेर नेला की बारीक खरखर लागायला हवी, तो बर. तो पूर्ण लांबीभर आल्याशिवाय बाजू बदलायची नाही. शेवटी चामड्यावर. मला नीट जमायला सात-आठ महिने लागले, आणि त्यासाठी मी किचनमधल्या स्वस्त सुऱ्या वापरल्या, नवीन चाकू नाही.

सोबत बाळगायचा म्हणजे आधी नियम पाठ हवेत, यात मी आता फार कडक आहे. ऑफिसमधे एचआरला विचारून घेतलं. केंद्र सरकारच्या इमारतीत अडीच इंचांपासून पुढचं पातं चालत नाही, त्यामुळे इमिग्रेशनच्या ऑफिसात बोटांचे ठसे द्यायच्या, बायोमेट्रिक्सच्या दिवशी घरी. विमानात केबिनमधे काहीच नाही, २०१३ मधे टीएसएनं, म्हणजे विमानतळावर तपासणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेनं, छोट्या चाकूंना परवानगी द्यायचा विचार केला होता, २.३६ इंचांपर्यंत, पण तीन महिन्यांत मागे घेतला. २०१८ मधे एकदा विमानतळाच्या रांगेत माझा हात खिशात गेला आणि सेबेन्झा तिथेच. रांग सोडली, धावत पार्किंगला जाऊन गाडीत ठेवला, फ्लाइट जेमतेम मिळाली. त्यानंतर प्रवासाच्या आदल्या रात्रीच मी तो ताटलीतून कपाटात ठेवतो. म्युनिकला कामासाठी जायचो तेव्हाही नेला नाही, जर्मनीत एका हातानं उघडून लॉक होणारा चाकू योग्य कारणाशिवाय जवळ बाळगता येत नाही. लंडनच्या मावसभावाला खिशात ठेवता येईल असा हवा होता, त्याला सुचवला तो तीन इंचांच्या आतला, लॉक नसलेला.

जानेवारी २०२३ मधे पुण्याला गेलो तेव्हाही तो अटलांटातच. आपल्याकडे शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे आणि घरगुती वापराची हत्यारं वेगळी धरलीत, त्यामुळे माझा त्यात बसत नाही हे खरं, पण त्याशिवाय शहरात पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघत असतात, त्यात चाकू, सुरे, काठ्या बाळगायला बंदी असते, आणि रस्त्यावर उभं राहून हवालदारांना डिटेंट समजावून सांगायची वेळ मला आणायची नव्हती. तिकडे आईची विळी आहे, पेरू कापायला तेवढी पुरते.

त्या वेळी बाबांना मी चाकूचे फोटो दाखवले. ते काही बोलले नाहीत. मे महिन्यात ते आमच्याकडे आले आणि बॅग उघडल्यावर, चेक-इनच्या बॅगेत, आजोबांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला तो अडकित्ता निघाला. मी इतक्या वर्षांनी हातात घेतला आणि सवयीनं पहिल्यांदा सांधाच बघितला. ढिला होता. आडवा चांगलाच हलत होता, मधल्या खिळ्याचं डोकं झिजलेलं. बाबा आजोबांना दादा म्हणायचे. म्हणाले, "दादा गेल्यापासून कोणी वापरलाच नाही रे. सुपारी चुरते त्यात."

जूनमधे ब्लेड शोला बाबांना घेऊन गेलो, आणि अडकित्ताही. ते गृहस्थ त्याच शेवटच्या ओळीत होते. त्यांनी अडकित्ता घेतला, सावकाश उघडला, मिटला, आडवा हलवला, उभा हलवला, उजेडाकडे धरला. मला जे शिकवलं होतं तेच सगळं, त्याच क्रमानं. हे कशासाठी आहे विचारलं. बाबांनी खिशातून सुपारी काढून दाखवली आणि दोन हातांनी हवेत कातरून दाखवली. ते म्हणाले, स्क्रू बसवू नका याला कोणी, हा खिळ्याचाच सांधा आहे, खिळा ठोकूनच घट्ट करायचा, पण इथे माझ्याकडे ऐरण नाही. घेऊन जाऊ का? बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग मान हलवली.

तीन आठवड्यांनी पोस्टानं परत आला. बरोबर चिठ्ठी होती, की फक्त खिळ्यावर दोन्ही बाजूंनी छोटी हातोडी चालवली आहे, पितळ पॉलिश केलेलं नाही कारण त्यावर कोणाच्या तरी हाताची झीज आहे, आणि धारेला हात लावलेला नाही, ती तू लाव. त्या शनिवारी मी ती लावली, मार्कर पेन, हिऱ्याची पट्टी, चामडं, एकाच बाजूला उतार असतो त्यामुळे सोपं गेलं. बाबांनी तो आधी दोनदा रिकामाच उघडमिट केला. मग सुपारी ठेवली. पातळ, अख्खी कातळी निघाली, आणि त्यांनी ती तोंडात टाकायच्या आधी खिडकीच्या उजेडात धरून बघितली.